रुईच्या झाडावरील सृष्टी : निकट छायाचित्रणाचा एक पाठ

(इयत्ता चौथी व पाचवी : परिसर अभ्यास)

फुलपाखरू पकडून पुठ्ठ्यावर टाचण्याची रीत निसर्गपाठात पुष्कळ काळ चालत आली. त्या रीतीने मुलांस पंखांवरील नक्षी दिसते. परंतु तो जीव काय खातो व अंडी कोठे घालतो, हे उमगत नाही. अगदी जवळून घेतलेले छायाचित्र ही उणीव भरून काढते, कारण त्यात कीटक आपल्या झाडासह, जिवंत असा पाहावयास मिळतो. शाळेत एक साधा मोबाइल असल्यास हा पाठ घेता येईल.

स्थळाची निवड : गावाकडेच्या पडीक जागेत रुई बहुधा असतेच. बिबळ्या कडवा या नारिंगी फुलपाखराची मादी रुईच्या पानावर एकेक पांढुरके अंडे घालते. अळीच्या अंगावर काळे, पांढरे व पिवळे पट्टे असून पाठीवर मऊ, काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. कोश हिरवा वा गुलाबी असून तो लोंबत असतो. फुलांवर काळे भुंगे येतात. त्यांच्या अंगास चिकटून परागांचे पुंजके दुसऱ्या फुलावर जातात.

चित्र घेण्याची रीत : सकाळी लवकर जावे. गारव्यात कीटक मंद असतात व ऊनही सौम्य असते. आपली सावली झाडावर पडू देऊ नये. मोबाइल प्रथम वीतभर अंतरावर धरून हळूहळू पुढे न्यावा व चित्र पुसट होऊ लागताच किंचित मागे घ्यावा. आपण जितके जवळ जावे, तितका स्पष्ट दिसणारा भाग कमी होतो. अळीचे डोके स्पष्ट, तर शेपूट अंधुक असे घडते. यास्तव मोबाइल अळीच्या अंगास समांतर धरावा. वारा थांबण्याची वाट पाहावी. शेवटचे चित्र शेजारी मोजपट्टी धरून घ्यावे.

वर्गातील काम : चित्रे दाखविण्यापूर्वी मुलांकडून स्मरणाने अळी काढून घ्यावी व मग तुलना करवावी. अळी ३० मिलिमीटर लांब असून पडद्यावर १२० मिलिमीटर दिसत असल्यास ती किती पट मोठी दिसते, हे गणित घालावे. रुईचा चीक विषारी असून त्यातील काही विष अळीच्या व पुढे फुलपाखराच्या अंगात साठते, त्यामुळे पक्षी त्यांस टाळतात, हे सांगावे. ‘कडवा’ या नावाचा याच्याशी काय संबंध असावा, हे मुलांनाच विचारावे.

दक्षता : रुईचा चीक डोळ्यांस गंभीर इजा करतो. म्हणून पान वा फूल कोणीही तोडू नये व परतल्यावर हात साबणाने धुवावेत. चीक डोळ्यात गेल्यास डोळा स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवून मुलास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

कीटक स्थिर राहावा म्हणून त्यास गारठविणे, डबीत कोंडणे किंवा अधिक सुंदर फुलावर नेऊन ठेवणे सर्वथा वर्ज्य समजावे. रुईवरील अळी गुलाबावर ठेवून घेतलेले चित्र देखणे असेल. परंतु पाहणारे मूल त्यापासून असत्य शिकेल, आणि ती अळी उपाशी राहील.

स्वाध्याय : मुलांचे गट पाडून प्रत्येकास एक झाड नेमून द्यावे. तीन आठवडे, एक दिवसाआड, शिक्षकांसमवेत त्याचे निरीक्षण करावे. प्रत्येक चित्राखाली दिनांक, वेळ, झाडाचे नाव व कीटक काय करीत होता, याची एका वाक्यात नोंद असावी. चित्र अंधुक असले तरी चालेल. नोंद मात्र खरी असावी.