मोटर बंद करताच पाइप का हादरतो?



नळाला पाणी आले की आपल्या सचिनमध्ये घरोघरी एकच लगबग सुरू होते. स्टेशनाजवळची चाळ असो की जी.आय.डी.सी.कडची सोसायटी, जमिनीखालच्या टाकीतली पाणबुडी मोटर, म्हणजेच सबमर्सिबल पंप, सुरू होते आणि पाणी गच्चीवरच्या टाकीत चढू लागते. काम झाले की आपण बटण बंद करतो आणि पाइपातून 'धाड्' असा आवाज येतो.

आमच्या इमारतीत हा आवाज कित्येक महिने येत होता. कुणी मनावर घेतले नाही. एका रात्री मोटरीजवळचा सांधा निखळला आणि मोटर चालूच राहिली. सकाळी पाहतो तर गच्चीवरची टाकी कोरडी आणि जिन्याखाली पाण्याचे तळे. विजेच्या मीटरची पेटी त्याच भिंतीवर होती! शेजाऱ्यांनी वेळीच मेन स्विच बंद केला म्हणून निभावले. तेव्हा या 'धाड्'चे कारण समजून घेऊ.

पहिला झटका : सुरू होताना

न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही शिकला आहात. मोटरीतला फिरणारा भाग एका दिशेने फिरू लागला की तिचे बाहेरचे कवच उलट दिशेने वळू पाहते. मोटर नुसती पाइपाला लटकत असेल तर हा पीळ थेट पाइपाच्या आट्यांवर येतो. रोज चार वेळा मोटर सुरू केली तर वर्षाला सुमारे दीड हजार झटके! हळूहळू आटे सैल होतात किंवा प्लॅस्टिकच्या जोडाला तडा जातो.

दुसरा झटका : बंद होताना

मोटर थांबते, पण वर चढणारे पाणी लगेच थांबत नाही. ते मंदावते, मग उलटे फिरून खाली येऊ लागते. ते अडवण्यासाठी पाइपात एकाच दिशेने उघडणारी झडप बसवतात. तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात. झडप उशिरा मिटली तर वेगाने खाली येणारे पाणी तिच्यावर आपटते. यालाच जलाघात म्हणतात.

मॉस्को शहराच्या जलवाहिन्यांत हा आघात कसा होतो, हे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ मध्ये प्रयोग करून मोजले. त्यांचे सूत्र सोपे आहे :

दाबातील वाढ = पाण्याची घनता × दाबलहरीचा वेग × अचानक थांबलेल्या पाण्याचा वेग

लोखंडी पाइपात दाबलहरीचा वेग सेकंदाला सुमारे १२०० मीटर असतो. सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी एकदम थांबले तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ किलो दाब वाढतो. आता तुलना करा. १५ मीटर उंच इमारतीत खालच्या पाइपावर स्थिर पाण्याचा दाब असतो फक्त दीड किलो! प्लॅस्टिकचा पाइप थोडा ताणला जातो. त्यात दाबलहरीचा वेग सुमारे ४०० मीटर धरला तर हीच वाढ ४ किलो होते. पण रोजच्या ताणाने प्लॅस्टिकही थकते. म्हणजे पाइप फुटतो तो पाण्याच्या वजनाने नव्हे, झटक्याने.

पालक व विश्वस्त मंडळींसाठी : काय करावे?

१. मोटर पाइपाला लटकती ठेवू नये. आडवी मोटर तळाशी स्टँडवर, खाली रबर घालून ठेवावी. उभी मोटर मजबूत नायलॉन दोरीने बांधावी. केबल धरून मोटर कधीही उचलू नये.

२. कंपनीच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर मोटरीच्या तोंडाशी दाब सोसणाऱ्या लवचिक नळीचा छोटा तुकडा बसवावा. पुढचा पाइप भिंतीला ठिकठिकाणी क्लॅम्पने पक्का करावा.

३. स्प्रिंगची नॉन-रिटर्न झडप मोटरीजवळ बसवावी. पाणी उलटे फिरण्याआधीच ती मिटते. झडप वर गच्चीजवळ असेल तर खालच्या पाइपात पोकळी होते आणि पुढच्या वेळी पाणी तिथे जोराने आपटते.

४. प्लॅस्टिकच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावून जोड हाताने घट्ट करावा, मग पान्याने थोडाच आवळावा. जास्त आवळल्यानेही जोड चिरतो.

५. तरंगणारा स्विच बसवावा. खालचे पाणी संपत आले की मोटर आपोआप थांबली पाहिजे. कोरडी चालली तर ती जळते आणि पाइपात हवा शिरते. मात्र सुरू-बंद होण्याच्या पातळ्यांत पुरेसे अंतर ठेवावे, नाहीतर झटके वाढतात.

आधी जीव, मग मोटर

मोटरीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. हवाच. टाकीत हात घालण्याआधी मेन स्विच बंद करावा. मोटरीचे नुसते बटण बंद करून भागत नाही. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, म्हणून कुणीही आत उतरू नये. ते काम साधने असलेल्या माहितगारांकडूनच करून घ्यावे. टाकीच्या झाकणाला कुलूप असावे. शाळेच्या टाकीला तर या गोष्टी नक्कीच असाव्यात, कारण तिच्याभोवती लहान मुले खेळतात.

करून पाहा

१. मोठ्यांना सांगून घरातला एक नळ आधी झटकन आणि मग सावकाश बंद करा. दोन्ही वेळा पाइपावर हात ठेवा. काय फरक जाणवला?

२. प्लॅस्टिकच्या पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर आहे. ते एकदम थांबले तर दाब किती वाढेल? वहीत सोडवून वर्गात दाखवा.

आणि आज संध्याकाळी मोटर बंद होताना कान देऊन ऐका. 'धाड्' ऐकू आले तर घरात लगेच सांगा. आज झडप बदलून जे काम भागेल, त्यासाठी उद्या भिंत फोडावी लागू नये.