सेरेब्रल पाल्सी आणि बालकांची दृष्टि

गेवराईच्या बाजारांत किंवा एखाद्या वाडीवर आईच्या कडेवर पांच-सहा वर्षांचें मूल आपण पाहतों. पाय ताठ, मान डळमळीत, हात वळलेले. हांक मारली तरी तें आपल्याकडे पाहत नाहीं. 'बिचाऱ्यास कांहीं कळत नाहीं,' असें म्हणून आपण पुढें जातों. आम्हीही असेंच म्हणत आलों. परंतु त्या बालकास कळत नाहीं कीं दिसत नाहीं, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. कारण दोहोंचे उपाय निराळे आहेत.

जन्मापूर्वीं, जन्मतांना किंवा बाल्यांत वाढत्या मेंदूस इजा पोंचल्यास स्नायूंवरील ताबा बिघडतो. या स्थितीस सेरेब्रल पाल्सी म्हणतात. १८६१ सालीं विल्यम जॉन लिटल या इंग्रज शस्त्रवैद्यानें अशा ताठरपणाचा संबंध कष्टाच्या बाळंतपणाशीं जोडून दाखविला. अपुऱ्या दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ, मेंदूज्वर हींही कारणें असतात. हा रोग सांसर्गिक नाहीं, आणि कोणाच्या पापाचें फळही नव्हे.

आतां, डोळा चित्र घेतो. पण त्याचा अर्थ मेंदू लावतो. म्हणून मेंदूच्या इजेबरोबर दृष्टीचे दोष पुष्कळदां येतात. ते मुख्यतः तीन प्रकारचे होत.

पहिला, नजरेच्या नंबरचा. कांहींस दूरचें अस्पष्ट दिसतें. कित्येकांचा डोळा जवळच्या वस्तूवर स्थिरावत नाहीं. यास चष्मा हा साधा उपाय आहे. मूल बोलत नसलें तरी डोळ्यांत थेंब घालून व प्रकाश टाकून वैद्य त्याचा नंबर काढूं शकतात.

दुसरा, तिरळेपणा. तिरळ्या डोळ्याचें चित्र मेंदू हळूहळू टाकून देतो व तो डोळा आळशी बनतो. वैद्याच्या सल्ल्यानें चांगला डोळा रोज कांहीं वेळ झांकल्यास आळशी डोळा कामास लागतो. गरज पडल्यास पुढें शस्त्रक्रिया करतात. हा उपचार लहान वयांतच विशेष गुण देतो.

तिसरा दोष मेंदूंतील. डोळा निरोगी, तरी पाहिलेलें उमगत नाहीं. असें मूल हलती वस्तु पाहतें, स्थिर वस्तु पाहत नाहीं. वस्तु घेतांना तोंड फिरवितें. गर्दींत आईसही ओळखत नाहीं. एके दिवशीं पाहतें, दुसऱ्या दिवशीं नाहीं. यास लोक हट्ट किंवा मंदपणा म्हणतात. येथें औषधापेक्षां घरची रीत अधिक उपयोगी. मान व पाठ टेकवून बसवावें. एका वेळीं एकच वस्तु, तीही लाल किंवा पिवळी, काळ्या घोंगडीसारख्या सपाट रंगावर धरावी. उजेड मुलाच्या पाठीमागून यावा. आधीं नांव सांगावें, मग दाखवावें, आणि पाहण्यास पुरेसा वेळ द्यावा.

२०१३ सालीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचीं पथकें अंगणवाड्यांत व शाळांत बालकांची तपासणी करतात. फार अपुऱ्या दिवसांच्या बालकाचें दृष्टिपटल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आंत तपासून घ्यावें. २०१६ च्या कायद्यानें सेरेब्रल पाल्सीची गणना मान्य अपंगत्वांत केलेली आहे.

आमच्या तालुक्यांत एक अडचण निराळी आहे. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडणीस जातात व कित्येक महिने कोपींत राहतात. तेवढ्यांत चष्मा मोडतो, पट्टी सुटते, आणि आळशी डोळ्याचा मोलाचा काळ निघून जातो. यास्तव गाडी निघण्यापूर्वीं तपासणी व्हावी, कागद आईजवळ असावा, आणि पट्टी कशी व किती वेळ बांधावी हें घरांतील एका मोठ्या भावंडासही शिकवावें.

विद्यार्थी मित्रहो, तें भावंड कदाचित् तुमच्याच वर्गांत असेल. पुढच्या वेळीं असें मूल भेटल्यास त्याची कींव करूं नका. 'याचे डोळे कोणी तपासले आहेत काय?' एवढें त्याच्या आईस आदरानें विचारा.