फुकट आहे, पण कोणासाठी?

गेल्या महिन्यात अकरावीचा एक विद्यार्थी संगणक कक्षातून थेट माझ्या खोलीत आला. त्याच्या वडिलांचे सियागंजात किराण्याचे ठोक दुकान आहे. उधारीचा हिशेब ठेवणारा एक छोटा प्रोग्राम त्याने व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी या सॉफ्टवेअरवर तयार केला होता. विचारू लागला, "सर, शाळेत आपण हे फुकट वापरतो. दुकानासाठी वापरले तर चोरी होईल का?"

प्रश्न ऐकून बरे वाटले, कारण आमच्या वेळी तो कोणी विचारलाच नाही. २००३-०४ च्या सुमारास, शिक्षक असताना, मी स्वतः एकाच सीडीवरून दहा संगणकांत सॉफ्टवेअर टाकले होते आणि पैसे वाचवले म्हणून शाबासकीही मिळवली होती. शाळेचे काम, त्यात कसली चोरी, अशीच समजूत होती.

समजूत चुकीची होती. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृतीच मानली जाते. त्याच कायद्याच्या ६३-बी कलमाप्रमाणे, बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यापारासाठी नसेल, तर कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडण्याची मुभा न्यायालयाला आहे. म्हणजे शाळेला सवलत मिळू शकते ती शिक्षेत. गुन्हा तो गुन्हाच.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकल्यामुळे लायसन्स म्हटले की मला आधी 'अनुज्ञप्ति' हा जड शब्द आठवतो. आपला 'परवाना' बरा. गाडीच्या परवान्यावर कोणाला आणि कोणते वाहन चालवायला मुभा आहे हे लिहिलेले असते. सॉफ्टवेअरच्या परवान्यातही हेच पाहायचे असते : कोण वापरणार आणि कशासाठी. किंमत त्यानंतर.

मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती २०१४ साली आणली. वर्गात शिकण्या-शिकवण्यासाठी ती कितीही जणांनी वापरावी, पैसे नाहीत. एकटी व्यक्ती स्वतःचे प्रोग्राम बनवत असेल तर तिलाही मोफत, मग ते विकले तरी हरकत नाही. संस्था किंवा पेढी असेल तर मात्र मोजणी सुरू होते. लहान संस्थेत एका वेळी ५ जणांपर्यंतच ही आवृत्ती वापरता येते. ज्या संस्थेकडे २५० हून अधिक संगणक आहेत किंवा जिची वार्षिक उलाढाल १० लाख डॉलरच्या, म्हणजे ८ कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या, वर आहे, तिला शिक्षण आणि मुक्तस्रोताची कामे वगळता ती वापरताच येत नाही. तिने सशुल्क आवृत्ती घ्यावी. २०२४ मध्ये प्रोफेशनल आवृत्तीची मासिक वर्गणी माणशी ४५ डॉलर होती.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्याला मी सांगितले, "बेटा, तुझे चालेल. खुशाल कर."

पण आपले जे माजी विद्यार्थी दोन-चार जणांची कंपनी काढून मोठ्या कंपन्यांची कंत्राटी कामे घेतात, त्यांनी नीट वाचावे. मोठ्या कंपनीसाठी तिचा कंत्राटदार म्हणून काम करताना मोजमाप तिचे लागते, आपले नाही. तिथे मोफत आवृत्ती चालत नाही. असेच विद्यार्थी-परवान्यांचे. जेटब्रेन्स कंपनी विद्यार्थ्यांना आपली साधने एकेका वर्षासाठी मोफत देते, पण ती फक्त शिकण्यासाठी. कॉलेजात असताना सुट्टीत कोणाचे पैसे घेऊन काम केले, तर ते त्या परवान्यात बसत नाही.

व्यवसाय करणाऱ्या पालकांसाठी जावाचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. ओरॅकलने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या जावाच्या वर्गणीचा हिशेबच बदलला. तोवर वापरणारे किंवा प्रोसेसर मोजले जात, आता संस्थेतले सगळे कर्मचारी मोजतात : अर्धवेळ, हंगामी, संगणकाला कधी हात न लावणारा शिपाईसुद्धा. त्यावेळच्या दरपत्रकात ९९९ कर्मचाऱ्यांपर्यंत माणशी महिना १५ डॉलर हा दर होता. ४० माणसांच्या कारखान्यात जावा दोघेच वापरत असले तरी वर्षाचे ४० गुणिले १५ गुणिले १२, म्हणजे ७,२०० डॉलर. आणि गंमत अशी की तीच जावा ओपनजेडीके या मुक्तस्रोत रूपात, उदाहरणार्थ इक्लिप्स टेमुरिन या नावाने, धंद्यासाठीही विनामूल्य मिळते. कुठून उतरवून घेतली, एवढाच फरक. घाईने दाबलेल्या 'मान्य आहे' या बटणाची किंमत ही अशी असते. पायथनला यातले काहीच लागू नाही. ती शाळेत, दुकानात, कारखान्यात, कुठेही मोफत.

माननीय विश्वस्तांसमोर एक गोष्ट ठेवायची आहे. आमच्या एका सहकाऱ्यांनी फीच्या पावत्यांचा प्रोग्राम याच कम्युनिटी आवृत्तीवर लिहिला आहे. वर्गातल्या शिकवण्याची अमर्याद सूट कार्यालयाच्या कामाला लागू होत नाही, तिथे संस्थेचा नियम लागतो. सध्या हे काम दोघेच करतात, त्यामुळे अडचण नाही. मात्र शाळा, बालमंदिर आणि सायंकाळचे वर्ग मिळून संस्थेची एकूण उलाढाल आणि संगणक किती, हे हिशेबनिसांकडून लेखी घेतले पाहिजे. ते मी मागवले आहे.

संगणक कक्षात आता एक नोंदवही ठेवली आहे. प्रत्येक संगणकासमोर त्यातले सॉफ्टवेअर, ते कोठून आले आणि परवाना कोणता, हे अकरावीच्या मुलांनीच लिहायचे. २४ पैकी १९ संगणकांच्या नोंदी पूर्ण झाल्या आहेत. उरलेल्या पाचांची बिले जुन्या फाइलींत सापडत नाहीत, म्हणून तूर्त ते बंद ठेवले आहेत.