पिवळे फूल कोणाचे?

एप्रिल-मे महिन्यांत दादर-परळ भागातील काही रस्त्यांवर सकाळी पिवळा सडा पडलेला दिसतो. ‘बहावा!’ म्हणून लोक पुढे जातात. तुम्ही मात्र त्यातले एक अखंड फूल उचला आणि त्याचा रंग क्षणभर विसरा.

रंग का विसरायचा? धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९०६ साली स्थापन झालेला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे. तेथे दाबून वाळवलेल्या वनस्पती कागदावर लावून जपल्या आहेत. वाळल्यावर पुष्कळ फुलांचा रंग उडतो. तरीही ती ओळखता येतात, कारण अवयवांची संख्या आणि मांडणी कायम राहते. आपणही तेच पाहू. टाचणी, ब्लेड व भिंग एवढे साहित्य पुरे.

बाहेरून आत चला. निदले पाच, त्यांवर तांबूस लव. पाकळ्याही पाच, सुट्या आणि चुरगळल्यासारख्या. आता पुंकेसर मोजा: दहा, तेही सुटे. बहाव्यातही पाच पाकळ्या व दहाच पुंकेसर असतात. पण त्यांतील तीन चांगलेच लांब व बाकदार. आपल्या फुलात दहाही जवळजवळ सारखे आहेत. शिवाय बहाव्याचे घोस खाली लोंबतात, या झाडाचे तुरे उभे असतात. मधल्या स्त्रीकेसराच्या टोकाची कुक्षी भिंगातून पाहा. ती ढालीसारखी पसरट दिसेल. ‘पेल्टोफोरम’ या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी ‘ढाल धारण करणारा’! हा झाला सोनमोहर.

अंडाशय जपून उभा चिरा. कप्पा एकच, आणि बीजांडे एका कडेने ओळीत, वाटाण्याच्या शेंगेत दाणे असतात तशी. तांबड्या गुलमोहरातही असेच दिसते. पुंकेसरही दहा आणि सुटेच. उलट तांबड्या जास्वंदीत पुष्कळ पुंकेसर जुळून त्यांची नळी झालेली असते. म्हणजे गुलमोहराचे नाते जास्वंदीशी नव्हे, पिवळ्या सोनमोहराशी.

देवळाच्या आवारातली बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हीसुद्धा पिवळीच. पण तिच्या पाकळ्या खाली जुळून नळी होते, वर त्या पिळासारख्या एकीवर एक असतात आणि देठ तोडताच पांढरा चीक येतो. हे झाड विषारी आहे, बिया तर फारच. तिचे फूल तपासल्यावर हात स्वच्छ धुवा.

सोनमोहराखाली काही आठवड्यांनी पुन्हा जा आणि फांद्यांकडे पाहा. चपट्या, तांब्याच्या रंगाच्या शेंगा लागल्या असतील, तर तुमचे उत्तर बरोबर आले.