व्यवसायाची निवड आणि लोकहित : बेळगाव-निपाणी परिसरातील काही उदाहरणे

दहावीचा निकाल लागला की बेळगाव-निपाणी परिसरातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते : मुलाला कोणत्या शाखेत घालावयाचे? या चर्चेत पगार, नोकरीची शाश्वती, वसतिगृहाचा खर्च, मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला कर्नाटकात कानडीवाचून येणाऱ्या अडचणी, असे अनेक मुद्दे येतात आणि ते यावयासच हवेत. ज्या घरात आई दिवसभर टेंभुर्णीच्या पानावर बिड्या वळते, त्या घराला पोटापाण्याचा विचार बाजूला ठेवण्यास सांगणे हा निव्वळ अविचार होय. परंतु एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या मुलाच्या हातून पुढील चाळीस वर्षांत जे काम होणार आहे, त्याचा लोकांना किती उपयोग होईल? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार, शक्यतो आपल्याच मुलखातील उदाहरणांच्या आधारे, करावयाचा आहे.

आठवड्यास चाळीस तास, वर्षास पन्नास आठवडे आणि चाळीस वर्षे असा हिशेब धरल्यास एका माणसाचे कामाचे आयुष्य ऐंशी हजार तासांचे भरते. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे २०११ साली या विषयाचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली. तिने आपले नावच 'ऐंशी हजार तास' असे ठेवले आहे. (निपाणीच्या बिडी वळणाऱ्या बाईच्या कामाचे तास मोजले तर हा आकडा तिला फार लहान वाटेल, ही गोष्ट वेगळी.) एवढ्या मोठ्या भांडवलाची गुंतवणूक आपण पुष्कळदा शेजाऱ्याच्या मुलाने काय केले हे पाहून करतो.

प्रथम बेळगावचे उदाहरण घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्यांना चित्रकार व्हावयाचे होते व त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु त्यांना रंगांधळेपणा असल्याचे आढळून आले आणि रंगकाम सोडून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथील बढती हक्क असूनही दुसऱ्यास मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास आले. बंधू रामुअण्णा यांच्यासमवेत चालविलेले त्यांचे बेळगावातील सायकलींचे दुकान प्रसिद्धच आहे. सायकलीचा धंदा वाईट नव्हता; परंतु त्या काळी सायकल घेणारा वर्ग तो कितीसा? लक्ष्मणरावांचे लक्ष गेले ते कडब्याकडे. कडबा न तोडता जनावरापुढे टाकला की बराचसा वाया जातो. म्हणून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. त्यानंतर लोखंडी नांगर हाती घेतला.

लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर ती खोलवर उलटी करतो व तणांची मुळे वर काढतो. हे आज कोणासही सांगावे लागत नाही. त्या वेळी मात्र लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. त्यातच नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडण्याचा आदेश नगरपालिकेकडून आला. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या चरित्रातून कष्टाळूपणाचा धडा नेहमीच काढला जातो. येथे त्याहून वेगळी गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे. लक्ष्मणरावांनी आपल्या अंगच्या कौशल्याची सांगड अशा गरजेशी घातली, की जी लक्षावधी शेतकऱ्यांची होती आणि जिच्याकडे या भागात दुसरे फारसे कोणी पाहत नव्हते. गरज मोठी असणे, तिच्यासाठी झटणारे थोडे असणे आणि ते काम आपणास साधण्यासारखे असणे, या तीन बाबी एकत्र आल्या म्हणजे सामान्य माणसाच्या हातूनही असामान्य उपयोगाचे काम होते. ते करीत असताना त्याने संसार उघड्यावर टाकलाच पाहिजे असे नाही.

यांपैकी दुसऱ्या बाबीचा विसर पडतो असे दिसते. बेळगावात १९६३ सालापासून वैद्यकीय महाविद्यालय आहे व शहरात डॉक्टरांची वाण नाही. वैद्यकीय प्रवेशाची एक जागा आपल्या मुलाने घेतली नाही तर ती रिकामी राहत नाही. दुसरा विद्यार्थी ती घेतो आणि समाजास डॉक्टर मिळतोच. म्हणून डॉक्टर झाल्याने किती भले झाले हे मोजताना, आपल्यावाचून जे झाले नसते तेवढेच आपल्या खात्यावर जमा धरणे न्याय्य होय. शहरातील शंभराव्या दवाखान्याचा हिशेब एक येतो आणि खानापूरच्या जंगलपट्टीत जाऊन राहणाऱ्या डॉक्टरचा वेगळा येतो. पदवी मात्र दोघांची तीच असते.

आता निपाणीकडे वळू. येथे प्रश्न अधिक अवघड होतो.

निपाणीची बाजारपेठ बिडीच्या तंबाखूवर वाढली. पावसाच्या पाण्यावर काळ्या जमिनीत येणारे, जनावरे तोंड न लावणारे आणि रोख पैसा देणारे हे पीक सोडण्यास शेतकरी सहजासहजी तयार होत नाही. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या व चाळणाऱ्या स्त्रिया दिवसभर त्याच्या धुळीत वावरत. बिडी वळणाऱ्यांना हजारी दराने मजुरी मिळे व वाईट ठरवून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे कापले जात. बिडी व सिगार कामगारांसाठीचा केंद्रीय कायदा १९६६ साली झाला. परंतु तो कागदावरून वखारीपर्यंत पोहोचण्यास माणसे लागतात. १९८० च्या सुमारास देवचंद महाविद्यालयातील प्राध्यापक सुभाष जोशी यांनी या स्त्रियांची संघटना बांधण्यास सुरुवात केली. हे महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत, आणि वखारी निपाणीला, कर्नाटकात. दु:खाला हद्द नसते एवढेच यावरून दिसते. या स्त्रियांच्या लढ्यावर युगांतर या महिलांच्या चित्रपटगटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला.

याच काळात शरद जोशी हेही निपाणीस आले. भारतीय टपाल सेवेत दहा वर्षे काढून ते स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत अधिकारी झाले होते. ती नोकरी सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेतली व स्वत: शेती करून तिचा जमाखर्च मांडला. त्यातून शेतमालाच्या रास्त भावाची चळवळ उभी राहिली. १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगलोर महामार्गावर बसले. ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात काही शेतकऱ्यांचे प्राण गेले.

शेतकऱ्यास भाव मिळावा हे न्याय्यच होते. पण ज्या पिकाला भाव मिळावयाचा ते पीक माणसे मारते, हेही तितकेच खरे होते. तंबाखू व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल व हिल या इंग्रज संशोधकांनी १९५० सालीच दाखविला होता. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील २८.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. मग निपाणीत राहून जास्तीत जास्त भले कोणी केले म्हणावयाचे? संघटना बांधणाऱ्याने, भाव मिळवून देणाऱ्याने, की व्यसन सोडविणाऱ्याने?

निपाणीच्या कामगार स्त्रियांवर लिहिणारे अनिल अवचट हे शिक्षणाने डॉक्टर होते. दवाखाना न थाटता त्यांनी लेखणी धरली आणि १९८६ साली पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. या मंडळींत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचा मोह टाळलेला बरा. परंतु प्रस्तुत लेखकास असे वाटते की, निपाणीच्या पुढच्या पिढीसाठी सर्वांत मोठी रिकामी जागा आहे ती वेगळीच : तंबाखूइतकाच रोख पैसा देणारे कोरडवाहू पीक शोधणाऱ्या कृषिसंशोधकाची, आणि बिडी सोडणाऱ्या बाईच्या हाताला तितकीच मजुरी देणारा धंदा काढणाऱ्या उद्योजकाची. तोवर तंबाखू बंद करा हे म्हणणे त्या घरांतील चुलीवर पाणी ओतण्यासारखे ठरेल.

ज्यांना असे काम प्रत्यक्ष करणे शक्य नाही त्यांच्यासाठी दानाचा मार्ग आहेच. बेळगाव जिल्ह्यातील सिरसंगीचे देसाई लिंगराज यांनी १९०६ साली मृत्यूपूर्वी आपली संपत्ती शिक्षणासाठी लिहून दिली. बेळगावचे लिंगराज महाविद्यालय त्यांचेच नाव चालविते.

शिक्षकबंधू-भगिनींनी हा विषय नववी-दहावीच्या वर्गात दोन तासिकांत घ्यावा. पहिल्या तासिकेपूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गल्लीतील दहा घरे पाहून कोणती अडचण अधिक घरांत आहे व ती दूर करण्यासाठी कोण काय करीत आहे, याची नोंद वहीत आणावी. दुसऱ्या तासिकेत त्या नोंदींसमोर आपणास काय येते, काय शिकता येईल आणि त्यावर घर चालेल काय, हे लिहावे. चालणार नसल्यास तसे प्रामाणिकपणे लिहिण्याची मुभा असावी. बिडी कामगारांच्या पाल्यांना केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती असते व त्यासाठी आई किंवा वडिलांचे कामगार ओळखपत्र लागते. वर्गातील किती घरांत हे ओळखपत्र आहे याची चौकशी त्याच वेळी करून घ्यावी, आणि ज्यांच्याकडे नसेल त्यांची यादी मुख्याध्यापकांकडे द्यावी.