पकड बसवण्याआधी पकडीखाली बघा

विंडसर्फिंगचं सामान जुनं होऊ लागलं की पहिली तक्रार बहुधा पकडीची येते. बोर्डच्या डेकवरचा खरखरीत थर गुळगुळीत होतो, टाचेखालचे ईव्हीएचे पॅड कडेने सुटू लागतात, बूमवरचं वेष्टन हातांच्या जागी झिजून फाटतं. उपायही तोंडावर तयार असतो: वरून नवा रंग मारा, नवा पॅड चिकटवा, नाहीतर टेप गुंडाळा. काम एका संध्याकाळचं, खर्च किरकोळ आणि दुसऱ्या दिवशी पाय घट्ट बसतो. मला काळजी वाटते ती याच सोपेपणाची. पकड सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे टाच आपटते, जिथे हात लटकतात, जिथे हार्नेसच्या दोऱ्या ओढ देतात, तिथेच ती आधी जाते. म्हणजे ज्या जागी सामानाच्या हाडांवर सर्वांत जास्त भार येतो, नेमक्या त्याच जागी. त्यामुळे झिजलेली पकड दिसली की पहिला प्रश्न ‘वर काय लावू’ हा नसावा, ‘खाली काय झालंय’ हा असावा. आधी तपासणी, मग पकड. हा क्रम उलटा झाला की दुरुस्तीच दोष झाकायला लागते.

आजच्या बहुतेक बोर्डांच्या पोटात थर्माकोल असतो. घनमीटरला 15 किलोच्या आसपास वजनाचा, बोटाने दाबला तरी चेपणारा. बोर्डला ताकद येते ती त्यावरच्या सालीतून. काचेचं किंवा कार्बनचं कापड, त्यावर पीव्हीसी फोमचा पातळ पत्रा, वर पुन्हा कापड आणि हे सगळं इपॉक्सीने बांधलेलं. अख्खी साल जेमतेम काही मिलिमीटरची. उडी मारून बोर्ड खाली येतो तेव्हा सारा धक्का दोन टाचा त्या सालीवर देतात. तिथला फोम हळूहळू चुरगळतो, कापड सुटं पडतं आणि वरचा रंग शाबूत असताना आत पोकळी तयार होते. ती ओळखायला यंत्र लागत नाही. पॅड काढल्यावर एक रुपयाचं नाणं घेऊन डेकभर ठोकत जा. चांगल्या जागी ‘टक्‌’ असा कोरडा आवाज येतो, सुटलेल्या जागी तो ‘थप्‌’ असा बसका होतो. मग तिथे अंगठा दाबून बघा. दबून परत वर येत असेल तर साल गाभ्यापासून सुटलेली आहे. बोर्डचं वजनही करा. कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा ते बरंच जास्त भरत असेल, तर पाणी आत शिरलं असल्याची शंका घ्यायलाच हवी. पॅडच्या कडेला केसासारखी चीर दिसली तर तिच्यावर साबणाचं पाणी लावा आणि हवेच्या स्क्रूच्या भोकातून तोंडाने हलकेच फुंकर मारा. बुडबुडे आले तर गळती सापडली. इथे पंप मात्र लावू नका, जोराच्या दाबाने सुटलेली साल आणखी सुटते.

बूमची गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण तिथे बिघाड पूर्ण झाकलेला असतो. ॲल्युमिनियमच्या नळीवर ईव्हीएचं वेष्टन असतं. ते फाटलं की समुद्राचं पाणी आत झिरपतं, वरचा भाग उन्हात वाळतो आणि मीठ खाली अडकून राहतं. पुढच्या वेळी पुन्हा ओल, पुन्हा मीठ. वेष्टन सोलून बघितलं तर नळीवर पांढरी भुकटी दिसते आणि ती घासून काढली की खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. नळी अशा खड्ड्यापाशी तडकते, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथे एकवटतो. ॲल्युमिनियमला कार्बनचा किंवा स्टेनलेस स्टीलचा भाग जिथे चिकटतो तिथे खाऱ्या पाण्यात ही झीज आणखी वेगाने होते, म्हणून मास्टला पकडणाऱ्या तोंडापाशी आणि मागच्या लांबवण्याच्या नळीपाशी खास लक्ष द्यावं. माझा नियम कडक आहे: नख अडकेल इतका खोल खड्डा हार्नेसच्या दोऱ्यांच्या आसपास दिसला तर त्या बूमवर नवं वेष्टन चढवायचंच नाही. ती बूम नवशिक्यांना शिकायला देऊन टाकण्याची पद्धतही मला पटत नाही. मोडल्यावर काय करायचं हे ज्याला सर्वांत कमी ठाऊक, त्याच्याच हातात ती जाते.

‘एवढा शास्त्रार्थ कशाला? पाय घसरतोय, तेवढं थांबलं म्हणजे झालं,’ असं म्हणणाऱ्यांचं बोलणं मी हसण्यावारी नेत नाही. घसरणाऱ्या पायानेही इजा होते. पण दोन्ही धोके एका तराजूत घालून बघा. पाय घसरला तर माणूस पाण्यात पडतो आणि बहुतेक वेळा पुन्हा बोर्डवर चढतो. बूम मोडली तर शीड निकामी होतं आणि परतीचा रस्ताच बंद होतो. कोकणात आणि गोव्यात सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. दुपारी खारा वारा सुटेपर्यंत मोडक्या सामानासह माणूस किनाऱ्यापासून दूरच ढकलला जातो. ‘पाण्यातलाच खेळ, थोडं पाणी शिरलं तर बिघडलं काय?’ हाही प्रश्न येतो. बिघडतं ते उन्हात. आत शिरलेल्या पाण्याची उन्हात वाफ होते, बंद बोर्डमधला दाब वाढतो आणि कमजोर झालेली साल फुगून वर येते. चीर तशीच ठेवून तिच्यावर पॅड चिकटवला तर ही क्रिया नजरेआड चालू राहते, एवढाच काय तो फरक.

तपासणीत सामान धड निघालं, की मग पकडीचं काम खुशाल हाती घ्यावं. इथे दुसरा समज आडवा येतो: जितकं खरखरीत तितकं चांगलं. म्हणून ओल्या इपॉक्सीवर वाळू भुरभुरली जाते. वाळू कायमची राहते आणि पाण्यात मऊ पडलेली तळपायाची कातडी सोलते. पाण्यातून बोर्डवर चढताना गुडघे आणि नडग्याही तिच्यावरच घासतात. शिवाय पट्ट्यात पाय सरकवताना आणि काढताना तो थोडा फिरायला हवा. अति पकड तेही होऊ देत नाही. माझी पसंती साखरेला आहे. जुना थर 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवायची, कडेने मास्किंग टेप लावायची, इपॉक्सीचा पातळ हात द्यायचा आणि ओला असतानाच त्यावर घरातली साधी साखर चाळणीने सारखी पेरायची. इपॉक्सी पुरती कडक झाल्यावर कोमट पाण्याने धुतली की साखर विरघळते आणि मागे बारीक खळ्यांचा पृष्ठभाग उरतो. तो पाय धरतो, पण कापत नाही. इपॉक्सी उन्हाने पिवळी पडून भुसभुशीत होते, म्हणून वर दोन घटकांच्या पीयू रंगाचा पातळ हात हवा. रंग फिकाच घ्या. काळा डेक आपल्या उन्हात भयंकर तापतो आणि साध्या तापमानाला सुकलेली इपॉक्सी साधारण 50 ते 60 अंशांपाशीच आपला कडकपणा सोडू लागते.

वेळेचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. जून ते सप्टेंबर समुद्र बंद, म्हणून सगळी दुरुस्ती पावसाळ्यात उरकायची, असा हिशेब सहज होतो. इपॉक्सीसाठी तोच काळ सर्वांत वाईट. हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते तेव्हा सुकणाऱ्या इपॉक्सीवर मेणासारखा बुळबुळीत पापुद्रा येतो. त्याच्यावर दिलेला पुढचा हात काही दिवसांत पोपडे धरून निघतो. तो पापुद्रा पॉलिश पेपरने जात नाही, उलट पसरतो. आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवावा लागतो. साखरही पावसाळी हवेत ओलसर होऊन गोळे धरते. म्हणून कामाची वाटणी करावी. मे अखेरीस पॅड आणि वेष्टनं सोलून, गोड्या पाण्याने धुऊन, हवेचा स्क्रू उघडा ठेवून बोर्ड कोरड्या जागी आडवा ठेवावा. तपासणी आणि सामानाची जुळवाजुळव पावसाळ्यात करावी. इपॉक्सीला हात दसऱ्यानंतर, हवा कोरडी पडल्यावर. यात मोसमाचे पहिले काही दिवस जातात हे खरं, पण घाईने केलेलं काम त्याच मोसमात पुन्हा करावं लागण्यापेक्षा ते परवडतं.

लाटांवरच्या सर्फबोर्डला मेण लावतात, तर आपण का नको, असाही एक आक्षेप आहे. एका दिवसाची अडचण भागवायला मेण ठीक. पण उन्हात ते पातळ होतं, डेकवर पडलेल्या शिडाला लागतं आणि पुढे कधी खरी दुरुस्ती करायची ठरली तर त्याचा अंशही राहिला तरी रंग आणि गोंद धरत नाही. जुन्या पॉलिथिनच्या बोर्डांचा मात्र अपवाद करायला हवा. 1970 च्या दशकातल्या मूळ विंडसर्फर जातीच्या बोर्डांची साल पॉलिथिनची होती. तिला इपॉक्सीही नीट चिकटत नाही आणि रंगही. तिथे पॉलिश पेपरने खरवडणं आणि वर मेण, हाच प्रामाणिक उपाय.

ईव्हीएचे पॅड किंवा बूमचं वेष्टन बदलताना चूक होते ती जुना गोंद काढताना. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांपैकी काहीही चिरेतून आत गेलं तर थर्माकोल जागच्या जागी विरघळतो. खात्री करायची असेल तर पॅकिंगच्या थर्माकोलवर ॲसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब टाका, भोक पडताना दिसेल. हीट गनही नको, थर्माकोल 100 अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि ती गन त्याच्या कितीतरी पुढे जाते. केस वाळवायचा ड्रायर आणि बोथट पट्टी, एवढ्यावर धीराने पॅड निघतो. नवी बंद पेशींची ईव्हीए शीट चपलांच्या सामानाच्या दुकानात मिळते. तिथलाच गोंद दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबून मग पॅड दाबायचा. एकदा बसला की सरकवता येत नाही. बूमवर जोड शिडाच्या बाजूला ठेवावा, म्हणजे तळहाताला घासत नाही. आणि जुन्यावर नवं चढवू नये. नळी जाड झाली की बोटं पुरती वळत नाहीत आणि तेवढ्याच ओढीला हात लवकर भरून येतात.

शेवटचा आक्षेप पैशाचा: इतकी खटपट करण्यापेक्षा नवं घ्यावं. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं. पण आपल्याकडे हे सामान बहुतांशी परदेशातून येतं, म्हणून बरेचजण एकमेकांचं वापरलेलंच घेतात. तिथे तर आधी तपासणी, मग पकड हा क्रम आणखी मोलाचा ठरतो. जुन्या बोर्डवर कोरी करकरीत पकड दिसली तर किमतीत भर घालण्याआधी मालकाला विचारा, पकड काढली तेव्हा खाली काय दिसलं आणि त्याचे फोटो आहेत का. आणि स्वतः दुरुस्ती करणार असाल तर उघड्या डेकचे, उघड्या नळीचे फोटो आधी काढून ठेवा. उद्या हाच प्रश्न तुम्हालाही कोणीतरी विचारणार आहे.