बाळाची पहिली आंघोळ दुसऱ्या दिवशी

बाळ जन्मले की चुलीवर पाण्याचा हंडा चढवायचा, ही आपली जुनी रीत. नाळ कापली न कापली तोच बाळाला पायांवर घेऊन चोळून न्हाऊ घालायचे, दुपट्यात गुंडाळून सर्वांना दाखवायचे आणि मग आईजवळ द्यायचे. आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, तरी आजीबाईंचा पहिला आग्रह हाच, की "सिस्टर, आधी बाळाला धुऊन द्या." या घाईविषयी आम्हांला थोडे लिहावयाचे आहे.

जन्मानंतर चोवीस तास बाळाला आंघोळ घालू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रीतिरिवाजामुळे तेवढे थांबणे शक्य नसेल, तर निदान सहा तास तरी थांबावे.

गाय व्याली म्हणजे वासराला आपण कोणी हौदावर नेऊन धूत नाही. गाय त्याला चाटून कोरडे करते, फार तर आपण गोणपाटाने पुसतो, आणि ते धडपडत कासेला लागते. आधी चीक वासराच्या पोटात, मग आपला खरवस, हे गोठ्यात कोणाला शिकवावे लागत नाही. घरात मात्र आपण उलटे वागतो.

जन्मल्यावर पहिला तासभर बाळ चांगले जागे असते; नंतर त्याला गाढ झोप लागते. त्या जागेपणीच ते तोंड हलवते, हात चोखते, आईच्या उघड्या छातीवर ठेवले तर हळूहळू स्तनाकडे सरकते. त्याच्या हातांना गर्भजलाचा वास असतो, आणि वासाची ही ओळख त्याला वाट दाखवते. नेमका हाच वेळ आपण आंघोळीत घालवतो. शिवाय ओले अंग भराभर निवते. खानापूरच्या जंगलपट्टीत डिसेंबर-जानेवारीत कशी थंडी पडते, हे सांगावयास नको. गारठलेले बाळ मलूल होते, नीट चोखत नाही. आणि मग "आईला दूधच नाही" असे म्हणून कोणीतरी मधाचे बोट पुढे करतो!

अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या एका रुग्णालयात 996 माता-बालकांची पाहणी झाली. ती 2019 साली प्रसिद्ध झाली. पूर्वी तेथे दोन तासांच्या आत आंघोळ घालीत; ती बारा तासांपुढे नेल्यावर रुग्णालयात केवळ आईच्या दुधावर राहिलेल्या बाळांचे प्रमाण शेकडा 59.8 वरून 68.2 वर गेले.

अंगावरचा पांढरा चिकट थर म्हणजे घाण नव्हे. तो कातडी मऊ ठेवतो व जंतूंना अडवतो; खरवडून काढू नये. रक्त व पाणी कोरड्या मऊ फडक्याने टिपावे, ओले फडके बदलावे, डोक्याला टोपरे घालावे आणि बाळाला आईच्या अंगाशी लावून वरून दोघांवर एकच पांघरूण घालावे. पोट व तळपाय दोन्ही ऊबदार लागले तर ठीक. पोट ऊबदार पण तळपाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच आईच्या उराशी धरावे. दोन्ही गार लागले, तर तसेच उराशी धरून विनाविलंब दवाखाना गाठावा.

आईला काही संसर्ग असल्यास डॉक्टर लवकर आंघोळ घालावयास सांगतील, त्यांचे ऐकावे. कमी वजनाच्या बाळाला चोवीस तासही पुरेसे नाहीत. त्याची आंघोळ सिस्टरांना विचारूनच.

दुसऱ्या दिवशी आजीने खुशाल न्हाऊ घालावे, तो मान तिचाच. दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, पाणी कोपराने पाहून कोमट असावे, नाका-कानात तेल सोडू नये. दोन-चार मिनिटांत आटोपून, डोके आधी पुसून, बाळाला लगेच पाजावयास द्यावे.